कुलूप दारासोबतच यावे

रुग्णालयातला केसपेपर आता संगणकात चालला आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही नोंदणी, तपासण्या, प्रसूती, क्षयरोगाचे उपचार ही सारी माहिती कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये जाते. डेटाबेस म्हणजे नोंदींचे कपाट. त्याला कुलूप कोण लावते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

मायएसक्यूएल हे जगभर वापरले जाणारे मुक्तस्रोत डेटाबेस सॉफ्टवेअर. ते बसवताना आधी रिकामे कपाट उभे करावे लागते. त्याला 'इनिशियलाइझ' करणे म्हणतात. पूर्वी हे कपाट कुलपाविनाच उभे राही. सर्वाधिकार असलेल्या 'रूट' खात्याला पासवर्ड नसे, वर निनावी खातीही तयार होत. पासवर्ड नंतर लावा, अशी सूचना असे. घाईत 'नंतर' राहून जाई. ऑक्टोबर २०१५ मधील ५.७ आवृत्तीपासून हे बदलले. आता पासवर्ड आपोआप तयार होतो आणि पहिल्याच प्रवेशाला तो बदलावा लागतो. जुना मार्ग उरला आहे, पण त्या पर्यायाच्या नावातच 'इनसिक्युअर', म्हणजे असुरक्षित, हा शब्द घातला आहे. निवडणाऱ्याला आपण काय करतोय ते कळतेच.

मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसला हा धडा महागात पडला. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसून त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून तो सुरुवातीला फक्त स्वतःच्याच संगणकाचे ऐकतो. पासवर्डची सक्ती मात्र अजूनही आपोआप होत नाही.

हे दूरचे वाटत असेल, तर २०२० मधला ग्रीनबोन या जर्मन कंपनीचा अहवाल आठवावा. एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवणारे अनेक सर्व्हर पासवर्डविना इंटरनेटवर आढळले. भारतात सर्वाधिक महाराष्ट्रातले: तीन लाखांहून अधिक नोंदी आणि जवळपास सात कोटी प्रतिमा. कुणी कुलूप फोडले नव्हते; ते लावलेलेच नव्हते.

वैद्यकशास्त्राला हे दुखणे ओळखीचे आहे. सुई पुन्हा वापरू नका, असे वर्षानुवर्षे बजावून भागले नाही. लसीकरणात एकदा वापरली की दट्ट्या अडकणारी सिरिंज आली, तेव्हा चूक करण्याची सोयच संपली. थकलेल्या माणसाच्या आठवणीवर सुरक्षा सोपवायची नसते.

आमच्या पाटोद्यासारख्या भागात याला आणखी एक बाजू आहे. इथली कुटुंबे ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने बाहेर असतात. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा बाईची नोंद कारखान्याजवळच्या डॉक्टरला दिसली, तर तिचे उपचार चुकत नाहीत. तीच नोंद मुकादमाच्या किंवा गावाच्या हाती पडली, तर तिला तोंड दाखवणे अवघड होते. एचआयव्ही, क्षयरोग, गर्भपात यांचेही तेच. पासवर्ड बदलता येतो. फुटलेले गुपित परत घेता येत नाही.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम आता हाताशी आहेत. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. पण दंड येतो तो माहिती फुटल्यावर. खरी वेळ खरेदीची आहे. रुग्णालय असो वा गावातली लॅब, यंत्रणा बसवणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: पासवर्ड न लावता ही सुरू होते का? बाहेरच्या इंटरनेटवरून थेट दिसते का? कोणी कोणती नोंद उघडली, याची खूण राहते का? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' किंवा तिसऱ्याला 'नाही' असे उत्तर आले, तर बिलावर सही करू नये.