दिल्लीतील श्वसनविकाराचे बळी आणि सरकारी मोजणी

२०२१ च्या एप्रिल महिन्यात दिल्लीत मृतांची मोजदाद दोन ठिकाणी चालू होती : राज्य सरकारच्या दैनिक आरोग्यपत्रकात आणि महापालिकांच्या स्मशानभूमींच्या नोंदवहीत. १८ ते २४ एप्रिल या सात दिवसांत महापालिकांच्या स्मशानांत कोविडग्रस्त म्हणून ३,०९६ अंत्यविधी झाले. त्याच आठवड्याचा सरकारी आकडा होता १,९३८. म्हणजे ११५८ माणसांना अग्नी मिळाला, पत्रकात जागा मिळाली नाही. गाझीपूरला वाहनतळावर चिता रचाव्या लागत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. चाचणीवाचून घरातच ज्यांनी प्राण सोडले, ते तर यांपैकी कोणत्याच आकड्यात नाहीत.

हा केवळ लाटेच्या धांदलीतला गोंधळ होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जून २०२० मध्येही महापालिका २,०९८ मृत्यू सांगत होत्या आणि राज्य सरकार ९८४. (महापालिका एका पक्षाकडे व राज्य दुसऱ्याकडे होते, म्हणून तरी हा वाद चव्हाट्यावर आला. दोन्हीकडे एकाच पक्षाची सत्ता असती तर ही तफावत कधी कळली असती की नाही, याची शंकाच आहे.)

मोजणी चुकते कोठे? मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जेथे घडला तेथे होते; मृत्यूचे कारण मात्र डॉक्टरने लिहून द्यावे लागते. गाझियाबाद वा फरिदाबादच्या वस्तीत राहणारा, दिल्लीत राबणारा मजूर आजारी पडून बिहारमधील गावी गेला आणि तेथे वारला, तर पंचायतीच्या वहीत फार तर ‘ताप’ एवढेच येते. नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल चार वर्षांनी, मे २०२५ मध्ये, बाहेर आला. त्या वर्षी देशात १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले होते, आदल्या वर्षाहून सुमारे २१ लाखांनी अधिक. कोविडचे अधिकृत बळी मात्र साडेतीन लाखांच्या आत! आणि नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखला असलेले चौघांत एकही भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ मधील भारतातील जादा मृत्यू सुमारे ४७ लाख ठरविले, तेव्हा केंद्र सरकारने तिच्या गणितावर आक्षेप घेतला. स्वतःची वही अपुरी ठेवणाऱ्याने दुसऱ्याच्या गणितावर रागवावे, हे नवलच.

कारण लिहिले गेले नाही तर भरपाईही मिळत नाही, हा यातील खरा व्यवहार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याचे ठरले, आणि जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात १ लाख ४१ हजार अधिकृत मृत्यूंसाठी २ लाख १३ हजारांवर अर्ज आले. गुजरातेत अधिकृत बळी १० हजार, अर्ज ८९ हजार.

दिल्लीच्या कष्टकऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दक्षिण दिल्लीतील लाल कुआँ येथे दगड फोडणाऱ्या गिरण्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये त्या राजधानीतून हलवावयास लावल्या आणि धूळ हरियाणातील पालीकडे गेली. जे मागे राहिले त्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ आधीच बसली होती. सिलिकोसिस हा कामगार कायद्यांनी मान्य केलेला, भरपाईस पात्र असा धंद्याचा रोग आहे, क्षयरोग सर्वांचाच. म्हणून धाप लागून मरणाऱ्या मजुराच्या कागदावर ‘टी. बी.’ लिहिले गेले की मालक सुटतो. शिवाय हजेरीपटावर ज्याचे नावच नव्हते, तो आपण तेथे राबलो हे तरी कशाने सिद्ध करणार?

आता विषारी हवेबाबत तेच उत्तर संसदेत वारंवार मिळते : प्रदूषणाशी मृत्यूंचा थेट संबंध दाखविणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही. ही माहिती गोळा करणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. प्रशिक्षित माणसाने मृताच्या घरी जाऊन खोकला किती दिवस होता, धाप कधी लागली, काम कोणते होते हे विचारावे आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवावे, ही पद्धत देशाच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेत लाखो घरांत वापरून झाली आहे. ती राजधानी परिसरातील प्रत्येक घरगुती मृत्यूस लावावी, त्यात मृताचा धंदा लिहावा, दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश यांच्या नोंदी एकत्र जुळवाव्यात आणि स्मशानांचे व कब्रस्तानांचे आकडे दर आठवड्यास प्रसिद्ध करावेत.