तरबियत एकट्या अम्मीची?

कोल्हापुरात 'तालीम' म्हटलं की आधी लाल माती आठवते. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि तरबियत म्हणजे वळण. दोन्हींची फारकत आपणच केली. तालीम शाळेकडे, तरबियत अम्मीकडे. आणि अब्बा? फी भरून मोकळे!

पालकसभेला अम्मीच येतात. "त्यांना कामातनं सवड नाही, सर." दावतीला आणि कट्ट्यावर बसायला बरी सवड निघते! घरी इंग्रजी शाळेची डायरी येते. उर्दूत सातवी झालेल्या अम्मीला ती वाचता येत नाही. अम्मीला काही कळत नाही, हे पोर चार दिवसांत ओळखतं आणि तिला विचारायचंच सोडून देतं. चार गुण कमी पडण्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

शाहू महाराजांनी 1906 साली इथं मुस्लिम शिक्षणासाठी संस्था काढली, स्वतः अध्यक्ष झाले. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठेवला. दंड पालकाला होता, पोराला नव्हे. आपण उलटं करतो. गैरहजर बाप, मार पोराला आणि बोलणी अम्मीला.

शाळांनीही ऐकावं. सकाळी अकराला सभा ठेवली तर रोजंदारीवरचा माणूस येणार कसा? संध्याकाळी ठेवा, सूचना मराठी-उर्दूत द्या. माझ्या वर्गाच्या पुढच्या चिठ्ठीवर अब्बांचं नाव असेल. अब्बा नसतील तिथं मामू, नाना, कुणीही या.