हाऊसबोटीचे ऋतुचक्र

श्रीनगरची हाऊसबोट नावाला बोट असली, तरी ती कुठे जात नाही. दल आणि निगीन सरोवरांत किंवा झेलमच्या काठाला ती दोरांनी, साखळ्यांनी जखडलेली असते. सपाट तळाची ही बोट देवदाराच्या लाकडाची, कारण देवदार पाण्यात सहजी कुजत नाही. पर्यटकांच्या खोल्या या बोटीत असतात. मालक असलेले हांजी, म्हणजे नावाडी समाजातले, कुटुंब मात्र अनेकदा मागे बांधलेल्या डुंगा नावाच्या साध्या बोटीत राहते, आणि स्वयंपाकही तिथेच होतो. जमिनीवरच्या घराला ऊन, पाऊस आणि बर्फ वरून गाठतात. या घराला ते खालूनही गाठतात, कारण पाण्याची पातळी आणि बोटीवरचा भार या दोन्ही गोष्टी हवामानाच्या हाती आहेत.

वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळू लागतो आणि त्यातच पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींचा, म्हणजे पश्चिमी विक्षोभांचा, पाऊस येतो. झेलमचे पाणी चढले की काठाला बांधलेल्या बोटीचे दोर सैल करावे लागतात. तसे न केल्यास बोट एका बाजूला ओढली जाते आणि कलते. पाणी उतरले की तेच दोर पुन्हा आवळायचे, काठावर टाकलेली फळी पुन्हा बसवायची. दलची पातळी दलगेट इथल्या पाण्याच्या दरवाजांनी बरीचशी राखली जात असल्याने तिथे हा खटाटोप कमी. मात्र सप्टेंबर २०१४ च्या महापुरात सगळेच आडाखे चुकले. शहरातल्या घरांचे खालचे मजले बुडाले, तेव्हा पाण्याबरोबर वर आलेल्या कित्येक हाऊसबोटींनी लोकांना आसरा दिला आणि शिकारे नावाच्या छोट्या नावा वल्हवणाऱ्यांनी अडकलेल्यांना बाहेर काढले.

उन्हाळ्यात त्रास वाऱ्याचा. सकाळी आरशासारखे असलेले सरोवर दुपारनंतर अचानक खवळते. हाऊसबोटीच्या उंच भिंतींवर वारा आदळतो आणि सगळा ताण साखळ्यांवर येतो. शिकारे थांबले की भाजी, दूध, पाहुणे, शाळेतून परतणारी मुले सगळेच काठावर खोळंबतात. उन्हाचा परिणाम सावकाश, पण खोलवर होतो. ५ जुलै २०२५ रोजी श्रीनगरचे तापमान ३७.४ अंशांवर गेले होते. अशा उन्हात पाण्याखालच्या फळ्या भिजून फुगलेल्या राहतात, त्यामुळे त्यांचे सांधे घट्ट असतात. पाण्याच्या रेषेवरच्या फळ्या मात्र सुकून आकसतात आणि त्यांच्यात फटी पडतात.

शरदात पावसाने ओढ दिली तर पाणी इतके उतरते की उथळ जागी बोटीचा तळ गाळावर टेकतो. गाळ सपाट नसल्याने बोटीचा भार एकाच बाजूला पडतो आणि सांधे कुरकुरतात. फटी बुजवणे, छपराची डागडुजी करणे ही कामे याच कोरड्या दिवसांत उरकावी लागतात. तळाची फळी बदलायची असेल, तर अख्खी बोट पाण्याबाहेर काढावी लागते.

ही घाई बर्फासाठी असते. बोट १०० फूट लांब आणि १५ फूट रुंद असेल आणि छपरावर ३० सेंटिमीटर बर्फ साचला, तर कोरड्या ताज्या बर्फाचे वजन सुमारे ४ टन भरते. ओल्या, जड बर्फाचे १२ टनांपर्यंत जाते. छप्पर आणि तळ यांचे क्षेत्रफळ जवळपास सारखे धरले, तर या भाराने बोट ३ ते ९ सेंटिमीटर खाली बसते. आकडा किरकोळ वाटतो. पण उन्हाळ्यात आकसलेल्या फळ्या नेमक्या त्याच पट्ट्यात असतात. त्या पाण्याखाली गेल्या की फटींतून पाणी आत येते, बोट आणखी जड होते आणि आणखी खाली जाते. जड बर्फानंतर हाऊसबोटी बुडाल्या आहेत त्या अशाच. म्हणून बर्फ पडू लागला की घरची माणसे रात्रीदेखील फावडी घेऊन छपरावर चढतात. बर्फ दोन्ही बाजूंनी सारखा काढायचा, नाहीतर बोट कलते.

२१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ लागतो. जानेवारी २०२१ च्या अखेरीस पारा उणे ८.८ अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीत नळ गोठतात, नळ्या फुटतात आणि शिकारा हाकताना वल्ह्याने बर्फाचा थर फोडत वाट काढावी लागते. घरची माणसे फिरन या सैल अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून वावरतात, पाहुण्यांच्या खोलीत बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, पेटते. लाकडी बोटीत विस्तवाचा धोका उघड आहे. त्यातच बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये दलमध्ये लागलेल्या आगीत पाच हाऊसबोटी खाक झाल्या आणि बांगलादेशचे तीन पर्यटक दगावले.

हिवाळ्यात काश्मीरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या मोठी आहे. त्यांनी खोली घेताना बुखारीचे धुराडे बाहेर काढले आहे का आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे पाहून घ्यावे. पेटती कांगडी किंवा शेगडी ठेवून बंद खोलीत झोपू नये. जळत्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.