चर्चेला बगल नको

रोजगार हमी योजनेचे बीज सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या मातीत रुजले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती आधी आपल्या भागात राबवून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. असा पारखून घेतलेला कायदाच टिकतो.

आजची रीत उलटी आहे. विधेयक विचारार्थ घेण्याआधी त्याची प्रत दोन दिवस सदस्यांच्या हाती असावी, असा लोकसभेचा नियम; पण अध्यक्षांच्या परवानगीने तो बाजूला ठेवता येतो. विधेयक संसदीय समितीकडे पाठवणेही बंधनकारक नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत मतविभाजनाची मागणी होत असतानाच दोन कृषी विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. सांगलीच्या हळद बाजारापासून साताऱ्याच्या बाजार समित्यांपर्यंत सर्वांशी संबंधित असलेली ही विधेयके कोणत्याही संसदीय समितीने तपासली नाहीत. शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे मागे घेतले गेले, तेही चर्चेविना!

बहुमताला कायदा करण्याचा अधिकार आहेच. गोंधळ घालून सभागृहाचा वेळ दवडणेही गैरच. पण राज्याच्या जनसुरक्षा विधेयकासाठी संयुक्त समिती नेमली, तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि मसुदा बदलला. सातारा-सांगलीच्या खासदार-आमदारांनी पक्षभेद विसरून एकच आग्रह धरावा: तातडीचे लेखी कारण सभागृहापुढे ठेवल्याशिवाय कोणतेही विधेयक समितीला वगळून पुढे जाऊ नये.