कलंदर कोण, वेडा कोण?

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून किंग्ज सर्कल स्टेशनकडे जाताना एका कुंपणाच्या भिंतीपाशी एक माणूस बसलेला असे. केसांच्या जटा झालेल्या, अंगात बारा महिने एकच स्वेटर. एका हातात विटेचा तुकडा, दुसऱ्या हातात कोळसा. तेवढ्या दोन रंगांत तो भिंतीवर चेहरे काढी. हनुवटीखालची सावली आणि डोळ्यांतली चमक अशी नेमकी की पावले थबकत. कुणी म्हणे, हा सिनेमाची बॅनरं रंगवायचा. फ्लेक्स आले, काम गेले आणि दारू लागली. कुणी म्हणे, दारू आधीपासूनचीच. खरे काय, ते त्याला कुणीच विचारले नाही. मीही नाही. ‘काय हात आहे!’ म्हणायचे आणि गाडी गाठायची. एका पावसाळ्यात चित्रे धुऊन गेली आणि तो माणूसही दिसेनासा झाला. चित्रे गेल्याची हळहळ मी दोघातिघांजवळ बोलून दाखवली. माणसाची चौकशी मात्र केली नाही. ती बोच अजून आहे.

कलावंताच्या व्यसनाकडे पाहण्याची आपली एक ठरावीक रीत आहे. तो नामवंत असेल तर ‘कलंदर’, ‘अवलिया’. अनाम असेल तर ‘गर्दुल्ला’, ‘वेडा’. पहिल्याच्या दारूचे किस्से मैफलीत रंगवून सांगायचे, दुसऱ्याला वळसा घालून जायचे. दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे: आजारी माणसाला आजारी म्हणायचे टाळणे. लघुनियतकालिकांच्या काळातले कवी मनोहर ओक यांच्याभोवती व्यसनाच्या आणि भटकेपणाच्या किती आख्यायिका जमल्या! ‘चरसी’ नावाची कादंबरी लिहिणाऱ्या या कवीची कविता बाजूला राहते आणि त्याच्या नशेचीच गोष्ट पुढे चालते. जणू नशा होती म्हणून कविता होती!

या समजुतीला सर्वांत मोठा आधार दिला जातो तो व्हॅन गॉगचा. पण त्याचे चरित्र नेमके उलटे सांगते. 1889 साली तो आपणहून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. ‘तारांकित रात्र’ हे त्याचे जगप्रसिद्ध चित्र तिथलेच. परंतु आजाराचे तीव्र झटके येत तेव्हा त्याच्या हातून काम होत नसे; दोन झटक्यांच्या मधल्या शुद्धीत तो झपाटून रंगवी. आजाराने त्याला चित्रे दिली नाहीत, चित्रांसाठीचे दिवस हिरावून नेले. सदतिसाव्या वर्षी तर सगळेच दिवस संपले.

उपचार शक्य आहेत, हे आपल्याकडे लोकांनी करून दाखवले आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले आणि 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी तिथे एक साधी गोष्ट रुजवली: व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, रुग्ण आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचेच. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला रस्त्यावर एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. त्याला त्यांनी उपचारांसाठी आणले. बरा झाल्यावर कळले की तो विज्ञानाचा पदवीधर आहे. त्यातूनच 1988 साली ‘श्रद्धा’ ही संस्था सुरू झाली. पुढे रस्त्यावरून आणलेला एक रुग्ण जे. जे. कला महाविद्यालयातला अध्यापक निघाला. ही बातमी कळताच चित्रकारांचे मन हेलावले. शंभराहून अधिक चित्रकारांनी आपली चित्रे दिली आणि त्यांच्या प्रदर्शनातून आलेल्या पैशांतून संस्थेच्या वास्तूला हातभार लागला. 2006 पासून कर्जतला मोठे केंद्र चालते. हजारो माणसे तिथून आपापल्या गावी परतली. 2018 साली डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट हृद्य आहे, पण तिच्यात एक काटाही आहे. तो माणूस ‘आपल्यातला’ आहे हे कळले, तेव्हा कलावंतांचे जग हलले. तो अध्यापक नसून साधा हमाल असता तर? करवंटीने पाणी पिणाऱ्या तरुणाला उचलताना डॉक्टरांना त्याची पदवी ठाऊक नव्हती. मोठेपण तिथे आहे. ओळख पटल्यावर दया येणे सोपे. ओळख पटण्याआधी थांबणे अवघड.

आमच्याच परिसराला याचा जुना दाखला आहे. 1890 साली महापालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांनी वडाळ्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. आजचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. शहराला ही माणसे रस्त्यावर नकोशी होती, हेही त्यामागचे एक कारण होते. तरीही हक्काचे छप्पर मिळाले. याच अ‍ॅक्वर्थसाहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. कलेची कदर आणि निराधाराची सोय या दोन्ही गोष्टी एका माणसाला करता आल्या, हे लक्षात ठेवावे.

आज तर कायदाही बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 नुसार, भटकणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती आढळल्यास तिला संरक्षण देणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीला न्यावे लागते आणि बेघर असल्यास तिच्या कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. सल्ल्यासाठी 14416 ही ‘टेली-मानस’ची दूरध्वनी सेवा आहे. मात्र कायदा आपोआप चालत नाही. कुणीतरी ठाण्यात जाऊन सांगावे लागते, पुन्हा जाऊन विचारावे लागते.

त्या भिंतीला आता पिवळा रंग दिला आहे. तिथून जाताना वाटते, त्याच्या चित्रांसमोर मी थांबत होतो, तेवढाच वेळ त्याच्यासमोर थांबलो असतो तर? निदान नाव तरी विचारले असते.