बॉयलरातील पाणी आणि नफ्याचे गणित

बॉयलरची नळी फुटून कामगार भाजला, की मालकवर्ग तत्काळ ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ हे कारण पुढे करतो. वस्तुतः या अपघाताची तयारी अनेकदा महिनोन्महिने आधी, पाण्यातच झालेली असते.

वाफ निघून जाते. क्षार मागे उरतात व साठत जातात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर नळ्यांवर बसला की उष्णता पाण्यात पोचत नाही, धातू तापून दुबळा होतो आणि अखेर नळी फाटते. यावर उपाय दोन : पाणी आधी मृदू करणे आणि साठलेल्या क्षारांचे पाणी मोजून बाहेर सोडणे, म्हणजेच ब्लोडाऊन. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे 350 मिलिग्रॅम क्षार असतील आणि बॉयलरात 3500 ची मर्यादा पाळावयाची असेल, तर त्या पाण्याचा दहावा हिस्सा सोडावाच लागतो.

परंतु सोडलेल्या गरम पाण्याबरोबर इंधनाचा पैसाही जातो. म्हणून हात आखडला जातो. बचत मालकाच्या खात्यावर, धोका कंत्राटी अटेंडंटच्या अंगावर! आणि ही बचतही फसवी. थर साचल्यावर तोच पैसा धुराड्यातून जातो.

1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 चा आला. काही गुन्ह्यांवरील फौजदारी शिक्षा जाऊन केवळ आर्थिक दंड उरला. वार्षिक तपासणी रोजच्या पाण्यावर पहारा कसा ठेवणार? पाणी-तपासणीची नोंदवही कामगार प्रतिनिधींना खुली असली पाहिजे. ब्लोडाऊन घेण्याचा, प्रसंगी बॉयलर थांबविण्याचा लेखी अधिकार अटेंडंटला मिळाला पाहिजे. प्रत्येक युनियनने हे कलम आपल्या मागणीपत्रात घालावे.