‘मुक्त’ आणि ‘फुकट’ : लॅपटॉपची प्रणाली बदलण्यापूर्वी



संपर्कसत्र संपल्यावर हल्ली एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : “सर, लॅपटॉप जुना झालाय. विंडोज काढून लिनक्स टाकू का?” विचारणारे तुमच्यासारखेच नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणारे असतात. लॅपटॉप घरात एकच असतो. स्वाध्याय त्यावरच लिहायचे असतात आणि मुलांचा अभ्यासही त्यावरच चालतो. त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नाही. मी संगणकतज्ज्ञ नाही, भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे. पण या प्रश्नाला भाषेची एक बाजू आहे आणि तीच सहसा कोणी सांगत नाही. माझे मत मी त्या बाजूने मांडणार आहे.

प्रश्न आताच का उद्भवला, ते आधी पाहू. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर तिला सुरक्षाविषयक सुधारणा पूर्वीसारख्या मिळत नाहीत. ठरावीक अटींवर मर्यादित मुदतवाढ तेवढी ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी २०१६-१७च्या सुमारास घेतलेले कित्येक लॅपटॉप धडधाकट असूनही अपात्र ठरले. यंत्र बिघडलेले नाही. त्याचे म्हातारपण दुसऱ्याच कोणी जाहीर केले आहे.

अशा वेळी मुक्तस्रोत प्रणालीचा पर्याय पुढे येतो. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरणे, तिची रचना अभ्यासणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि तीत बदल करणे, ही स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला असली पाहिजेत, ही त्यांची भूमिका. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या मेळातून डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट अशा अनेक प्रणाली घडल्या. आपल्याकडे सी-डॅकने ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याचाही गाभा लिनक्सच आहे. तेव्हा लिनक्स ही काही परकी वस्तू नाही.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने या चळवळीबद्दल बराच गैरसमज निर्माण केला, कारण त्या एका शब्दात स्वातंत्र्य आणि शून्य किंमत हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीला ही अडचण नाही. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे आपले दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांत मोठे अंतर आहे. ‘मुक्त’ हा शब्द तर आपल्या विद्यापीठाच्या नावातच आहे. येथे प्रवेशाचे दार रुंद आहे. पण रोज वर्गात बसवून कोणी शिकवत नाही. वेळ काढणे, पुस्तक उघडणे, अडल्यास विचारणे ही जबाबदारी तुमच्याकडे येते. मुक्त प्रणालीचेही तसेच आहे. ती बहुधा फुकट मिळते, पण केवळ फुकट म्हणून घेणाऱ्याची पहिल्याच आठवड्यात निराशा होते. परवाना नसलेले विंडोज दुकानातून ‘टाकून’ घेणे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्यात फुकटेपणा आहे, मुक्तता नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पीएच.डी.च्या निमित्ताने १९९७ ते २००० या काळात मी खानदेशातल्या गावांतून अहिराणीचे शब्द गोळा करत हिंडलो. अवजारे, पिके, नातीगोती, जात्यावरची बोली असे विषय होते. प्रत्येक नोंदीत शब्द, उच्चार, अर्थ आणि सांगणाऱ्याचे गाव असे. हे सारे मी त्या वेळच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये उतरवले. ते चालवण्यासाठी संगणकाला डोंगल लावावे लागे. त्याचा फाँट तेव्हाच्या अनेक मराठी फाँटांसारखाच होता : रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. पडद्यावर ‘नांगर’ दिसे, पण फाईलच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत.

बारा वर्षांनी शब्दसंग्रह छापावा असे मनात आले, म्हणून जुनी सीडी काढली. डोंगल नव्या संगणकाला जोडता येईना. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद झाली होती. प्रबंधाची मुद्रित प्रत हाती होती, म्हणून तेवढा मजकूर वर्षभर खपून पुन्हा टंकलिखित केला. पण प्रबंधात न घेतलेल्या शेकडो नोंदी केवळ त्या सॉफ्टवेअरच्या खासगी साच्यातील फाइलींत होत्या. त्या उघडल्याच नाहीत. ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांनी ते शब्द सांगितले होते, त्यांतले बहुतेक तोवर निवर्तले होते. शब्द त्यांनी विश्वासाने दिले, मी ते लिहून घेतले, आणि माझ्या लिहिण्यानेच ते हरवले. ही टोचणी अजून गेलेली नाही.

यात दोष विंडोजचा होता का? नाही. तोच फाँट आणि तोच खासगी साचा मी लिनक्सवर वापरला असता, तरी हेच झाले असते. म्हणूनच मला वाटते, की ‘विंडोज की लिनक्स’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा : मी लिहिलेले मराठी कोणाच्या परवानगीवाचून वाचता येते का? आज त्याचे उत्तर आपल्या हाती आहे. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड प्रमाणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक दशमान पद्धतीने २३२५. तो विंडोजवर, लिनक्सवर, फोनवर, सर्वत्र तोच. असा मजकूर ‘ओडीटी’सारख्या खुल्या साच्यात जतन केला, तर तो उघडण्यासाठी विशिष्ट कंपनी जिवंत असावी लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकही असाच : एकदा शिकला, की कोणत्याही प्रणालीवर तोच चालतो.

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी मुक्त प्रणालीचा आणखी एक लाभ मला महत्त्वाचा वाटतो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांसारख्या मुक्त आज्ञावलींचे मराठी रूपांतर मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांतून घडले आहे. पडद्यावर एखादा शब्द ओबडधोबड किंवा इंग्रजी वळणाचा दिसला, तर त्याऐवजी चांगला शब्द सुचवण्याची वाट तुम्हाला खुली असते. परिभाषा वर दरबारातच ठरते आणि आपण ती केवळ सोसायची, अशी आपली समजूत झाली आहे. येथे बी.ए.चा विद्यार्थीही परिभाषा घडवण्यात भाग घेऊ शकतो.

तरीही सर्वांनी उद्याच प्रणाली बदलावी, असे मी म्हणणार नाही. ज्यांची रोजीरोटी विंडोजवरच चालणाऱ्या हिशेबाच्या किंवा छपाईच्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यांनी बदलू नये. त्यासाठी पर्यायी खटपटी असतात, पण पोटाच्या कामावर प्रयोग करू नयेत. ज्यांची परीक्षा महिन्यावर आली आहे, त्यांनी ती होईपर्यंत थांबावे. काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत, काही प्रिंटर अडून बसतात, आणि तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला लिनक्स माहीत असेलच असे नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्या लपवून कोणी प्रचार करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पण ज्यांचा लॅपटॉप जुना आहे, नवा घेण्याची ऐपत किंवा इच्छा नाही, आणि काम लिहिणे, वाचणे, पीडीएफ पाहणे, व्याख्याने ऐकणे एवढेच आहे, त्यांनी अवश्य बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चालणारे यंत्र मोडीत काढणे किंवा सुरक्षा-सुधारणांवाचून वर्षानुवर्षे वापरणे, या दोहोंपेक्षा ते शहाणपणाचे आहे. कमी रॅमच्या यंत्रासाठी हलक्या बांधणीच्या आवृत्त्याही मिळतात.

बदल मात्र पायरीपायरीने करावा. आधी आपल्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग पेनड्राईव्हवर लिनक्स उतरवून लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. अशा वेळी ‘इन्स्टॉल’ निवडले नाही, तर आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि कळफलक आठवडाभर तपासावेत. त्यानंतर एक खास आपली, मराठीची चाचणी घ्यावी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द टंकलिखित करून छापून पाहावेत. पहिल्या जोडीत एकीकडे गुरू आहेत, दुसरीकडे स्वयंपाकी. दुसरीत एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरामधल्या खोलगट जागा. हा अर्थभेद पडद्यावर आणि कागदावर नीट उमटला, ‘ॲ’ हे अक्षर सुटे न पडता दिसले, तर ती प्रणाली तुमच्या अभ्यासाला चालेल. उमटला नाही, तर आधी फाँट बदलून पाहावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट खुल्या परवान्याखाली मिळतो.

शेवटी एक विनंती. प्रणाली बदलायची की नाही, हे सावकाश ठरवा. पण आज संध्याकाळी स्वाध्यायाची, कवितांची किंवा आजीकडून लिहून घेतलेल्या ओव्यांची एखादी जुनी फाईल उघडा. तीतला एक परिच्छेद उचलून फोनवरून स्वतःलाच पाठवा. तिकडे मराठीच दिसली, तर निश्चिंत राहा. रोमन अक्षरांचा कचरा दिसला, तर परिवर्तक शोधा. तो मिळाला नाही, तर ते सॉफ्टवेअर चालते आहे तोवर मजकूर छापून घ्या आणि युनिकोडमध्ये पुन्हा लिहायला बसा. माझ्या अहिराणीच्या नोंदींना ही संधी मिळाली नाही. तुमच्या लेखनाला ती अजून आहे.